आई-बाबांसह नॅरोबोटवर: सात लॉक चढायचा दिवस कसा पार पाडाल

इंग्लंडमध्ये नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली लांब आणि अरुंद बोट, भाड्याने घ्यायला लायसन्स लागत नाही, परीक्षाही नाही. बोटयार्डातला माणूस अर्धा-पाऊण तास सगळं दाखवतो आणि सतरा मीटर लांबीची, पंधरा टनांच्या आसपास वजनाची वस्तू तुमच्या हाती सोपवून निघून जातो. बोट चालवणं तेवढ्या वेळात बऱ्यापैकी जमतं. लॉकचं, म्हणजे बोटीला वरच्या किंवा खालच्या पातळीच्या पाण्यात नेणाऱ्या दरवाजांच्या हौदाचं, तसं नाही. पहिला लॉक पार पडला की आपल्याला सगळं कळलं असं वाटतं, आणि तिसऱ्या-चौथ्या लॉकवर गप्पा मारत काम करताना चूक होते. म्हणून हा लेख मुख्यतः लॉकबद्दलच आहे.

आम्ही गेल्या मे महिन्यात तीन रात्रींसाठी बोट घेतली. मी, नवरा, अकरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि पुण्याहून आलेले आई-बाबा. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे कालवा म्हटल्यावर त्यांच्या अंगात उत्साह संचारला. त्यातला एक अख्खा दिवस नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या स्टोक ब्रूअर्नचे सात लॉक चढण्याचा होता. तोच दिवस धरून सांगते. लंडन ते बर्मिंगहॅम जाणाऱ्या ग्रँड युनियन कालव्यावर हे गाव आहे. पूर्ण मार्ग १३७ मैलांचा आणि त्यावर १६६ लॉक, त्यामुळे आपले सात म्हणजे किस झाड की पत्ती. तरी नवख्या कुटुंबाला एका दिवसाला सात पुरेत.

एकाच दिवसापुरती छोटी बोट घेणार असाल तर आधी एक प्रश्न विचारा: तुमची बोट लॉकमधून न्यायला परवानगी आहे का? बऱ्याच ठिकाणी नसते. एका दिवसाच्या गिऱ्हाइकांना मुद्दाम लॉक नसलेल्या सपाट टप्प्यावरच पाठवतात.

अंतराचं गणित

कालव्यावर वेगमर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आत. किनाऱ्याला लागलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू, इंजिन नुसतं गुरगुरत ठेवायचं. प्रत्यक्षात तासाला तीनच मैल होतात. बोटवाल्यांचा जुना हिशोब सोपा आहे: मैल आणि लॉक यांची बेरीज करा, तिला तीनने भागा, आलेला आकडा म्हणजे तास. चार मैल आणि सात लॉक म्हणजे अकरा, म्हणजे पावणेचार तास. पहिल्यांदा जात असाल तर त्यात दीड तास आणखी धरा. आम्हाला सकाळी साडेनऊ ते दुपारी तीन लागले, त्यात जेवण आणि एक भांडण धरून.

हा हिशोब न केलेली कुटुंबं संध्याकाळी अंधार पडताना लॉकवर धावपळ करताना दिसतात. अंधारात लॉक करू नये. शिवाय परत फिरायचं असेल तर बोट वळवायची जागा नकाशावर आधीच शोधून ठेवा, कारण लांब बोट कालव्यात कुठेही आडवी मावत नाही. त्या जागेला विंडिंग होल म्हणतात. यातल्या ‘विंड’चा उच्चार वाऱ्याच्या ‘विंड’सारखा. वाइंडिंग म्हणालात तर जुने बोटवाले हसतात.

निघण्याआधी कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या संकेतस्थळावर मार्ग कुठे बंद आहे का ते बघा. २०१२ पासून इंग्लंड-वेल्समधले बहुतेक कालवे ही संस्था सांभाळते. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी लॉक बंद ठेवतात, कोरड्या उन्हाळ्यात पाण्याअभावी.

लॉक म्हणजे नेमकं काय

शाळेत पनामा कालव्याच्या धड्यात आकृती होती, तेच. दोन बाजूंना दरवाजे असलेला दगड-विटांचा हौद. बोट आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, हौद भरायचा, पुढचा दरवाजा उघडून वरच्या पातळीवर निघून जायचं. पंप नाही, वीज नाही. पाणी वरून खाली येतं एवढ्या एका गोष्टीवर सगळं चालतं.

दरवाज्याच्या दोन फळ्या मिटल्यावर त्यांचं टोक वरच्या पाण्याकडे रोखलेलं असतं, इंग्रजी व्ही अक्षरासारखं. पाणी जितकं रेटतं तितक्या त्या घट्ट बसतात. म्हणून दोन्ही बाजूंचं पाणी समपातळीला येईपर्यंत दरवाजा उघडतच नाही. नवऱ्याने पहिल्या लॉकला चार बोटं फरक असताना जोर लावून बघितला. बाबा शांतपणे म्हणाले, “अहो, फळी दोन मीटर रुंद, खाली दोन मीटर पाणी. दहा सेंटिमीटर फरक म्हणजे चारशे किलोचा दाब. थांबा जरा.” थांबल्यावर तोच दरवाजा मुलीने पाठ टेकवून ढकलला.

पाणी सोडायच्या झडपांना इथे पॅडल म्हणतात. काही जमिनीखालच्या बोगद्यांवर असतात, काही दरवाज्यातच. त्या वरखाली करायला इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा लोखंडी हँडल मिळतो, त्याचं नाव विंडलस. दोन तरी मागून घ्या. आमचा एक तिसऱ्या लॉकला पाण्यात गेला. कंबरेच्या पट्ट्यात खोचला होता, वाकल्याबरोबर डुबुक. बोटवाले असा पडलेला विंडलस दोरीला चुंबक बांधून काढतात, पण आमचा अॅल्युमिनियमचा, हलका म्हणून हौसेने निवडलेला. त्याला चुंबक काय करणार?

कोणाचं काम काय

हे आदल्या संध्याकाळी चहा पिताना ठरवा, लॉकच्या तोंडाशी नको. सुकाणूवर एकच माणूस, दिवसभर तोच. आमच्याकडे ती मी. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, डावीकडे ढकलला की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उजवीकडे जाते, हे अंगवळणी पडायला तासभर जातो, म्हणून मधेच माणूस बदलू नका. बोटीला ब्रेक नसतो. थांबायचं तर रिव्हर्स टाकायचा आणि तोही वेळ घेतो. समोरून बोट आली तर उजवीकडून जायचं, आपल्या डावीकडच्या सवयीच्या उलट.

झडपांवर दोन मोठी माणसं, दोन्ही काठांवर एकेक. एक जण दोरीवर. मुलांना दरवाज्याची लाकडी तुळई ढकलायला द्या. तिथे विटांच्या उंच पट्ट्या असतात, त्यांत पाय अडकवून तुळईला पाठ लावायची. पण झडपेचा हँडल लहान मुलांच्या हातात देऊ नका. खटका निसटला तर तो गरगर फिरतो आणि मनगट मोडू शकतं. त्याच कारणाने झडप वर उचलून झाली की खटका बसलाय ना ते बघायचं आणि विंडलस लगेच काढून हातात घ्यायचा. तिथेच लटकवून ठेवायचा नाही.

आईला गुडघ्यांमुळे उतरणं-चढणं नको होतं. तिला आम्ही पुढच्या डेकवर बसवून एकच काम दिलं: नाळ कशात अडकत नाही ना ते बघायचं आणि अडकतेय असं वाटलं तर शिट्टी वाजवायची. शिट्टी ऐकली की कारण न विचारता झडपा बंद. दिवसात तीनदा वाजली. एकदा बदकाची पिल्लं मध्ये आली म्हणून.

लाइफजॅकेट बोटयार्डातून मिळतात, मुलांच्या मापाची आहेत ना ते निघण्याआधी बघा. कालवा बहुतेक ठिकाणी कंबर-छातीएवढाच खोल. लॉकचं पाणी मात्र खोल, गार आणि खळबळतं. आमच्याकडे नियम होता की लॉक दिसला की मुलांनी जॅकेट घालायचं, पळायचं नाही आणि दरवाज्यावरच्या फळीवरून मोठ्यांशिवाय पलीकडे जायचं नाही.

चढताना, क्रमाने

लॉकच्या अलीकडे उतरायची जागा असते. तिथे बोट लावून झडपांवरची मंडळी उतरतात. उडी मारायची नाही, बोट टेकल्यावर पाऊल टाकायचं. आधी समोर बघा: वरून कुणी येतंय का? येत असेल आणि लॉक भरलेला असेल तर त्यांना आधी येऊ द्या. या रुंद लॉकमध्ये एका खेपेला सुमारे अडीच लाख लिटर पाणी खाली जातं. बाबांनी लगेच हिशोब मांडला, दहा हजार लिटरचे पंचवीस टँकर. दुष्काळी तालुक्यांत उन्हाळे काढलेल्या माणसाला हा आकडा पचायला वेळ लागला. पुढच्या प्रत्येक लॉकला ते आधी मागे वळून दुसरी बोट येतेय का बघत होते, कारण हे लॉक चौदा फूट रुंद असतात, सात फुटी दोन बोटी शेजारी शेजारी मावतात आणि तेवढ्याच पाण्यात दोघांचं काम होतं. चौथ्या लॉकपासून आम्हाला लीड्सचं एक वयस्कर जोडपं मिळालं आणि कामही निम्मं झालं.

लॉक भरलेला आहे आणि कुणी येत नाही, तर वरचे दरवाजे आणि वरच्या झडपा बंद आहेत ना ते स्वतः जाऊन बघा. मग खालच्या झडपा उचलून हौद रिकामा करा. पातळी सारखी झाली की खालचा दरवाजा उघडा. एकटी बोट असेल तर एकच फळी पुरते. बोट अगदी हळू आत घ्या. हातापायांनी भिंतीवर रेटा देऊन बोट थांबवायचा मोह होतो, तो आवरा. पंधरा टनांपुढे आपलं हाड म्हणजे काडी.

आत आल्यावर बोट एका भिंतीला लावा आणि मधली दोरी वर काठावरच्या माणसाकडे द्या. त्याने ती खुंटाला एक वेढा देऊन हातात धरायची, सैल पडेल तशी ओढून घ्यायची. खालचे दरवाजे लावा, खालच्या झडपा पाडा.

आता महत्त्वाचं. वरच्या झडपांपैकी आधी जमिनीतली, आणि तीही बोट ज्या भिंतीला आहे त्याच बाजूची, निम्मीच उचला. पाणी बोटीखालून जाऊन पलीकडच्या भिंतीवर आपटतं, परत फिरतं आणि बोटीला आपल्याच भिंतीशी दाबून धरतं. समोरच्या बाजूची आधी उघडलीत तर बोट हौदभर इकडून तिकडे आदळत राहील आणि स्वयंपाकघरातली भांडी खाली येतील. मिनिटभर बघा, बोट शांत असेल तर पूर्ण उघडा, मग दुसऱ्या बाजूची. दरवाज्यातल्या झडपा असतील तर त्यांची तोंडं पाण्याखाली गेल्याशिवाय हात लावू नका. नाहीतर धबधबा थेट पुढच्या डेकवर येतो, म्हणजे आमच्या बाबतीत आईच्या अंगावर.

हौद भरत आला की पाण्याची खळखळ मंदावते. समपातळी झाली की दरवाजा आपणहून किंचित हलतो. तो उघडा, बोट बाहेर काढा, मागे सगळे दरवाजे लावा, झडपा हँडलने फिरवत खाली उतरवा. खटका काढून धाडकन सोडू नका, दाते तुटतात.

सात लॉकांच्या रांगेत बोट एका लॉकमधून निघत असतानाच एकाने चालत पुढे जाऊन पुढचा तयार करायचा असतो. मुलीला हे काम भलतंच आवडलं, बाबांसोबत ती कायम एक लॉक पुढे. पाचव्या लॉकला एक स्वयंसेवक लॉककीपर भेटले तेव्हा बाबांनी विचारलं, “इथे पाटकरी किती?” त्याचं भाषांतर करता करता माझी पुरेवाट झाली.

उतरताना: उंबरठा आणि दोरी

परतीच्या दिवशी हेच लॉक उतरलो. उतरणं सोपं वाटतं, कारण बोट डुचमळत नाही. धोके मात्र दोन आहेत आणि दोन्ही गंभीर.

पहिला उंबरठा. वरच्या दरवाज्याखाली दगडी किंवा काँक्रीटचा जाड कठडा पाण्यात पुढे आलेला असतो, त्याला सिल म्हणतात. हौद भरलेला असताना तो दिसत नाही. पाणी उतरू लागलं आणि बोटीचं मागचं टोक त्यावर राहिलं तर पुढचं टोक पाण्याबरोबर खाली जात राहतं, मागचं वर अडकतं आणि बोट बुडते. काठावर पांढरी रेघ मारलेली असते. सुकाणूवरच्या माणसाने उतरताना फक्त त्या रेघेकडे बघायचं आणि बोट तिच्या पुढे ठेवायची. फोटो नंतर.

दुसरा धोका आमच्यावर आला. तिसऱ्या लॉकला मुलगा काही विचारायला आला म्हणून नवऱ्याने दोरी हातात धरण्याऐवजी खुंटाला गाठ मारली. मारली ती मारली, वर गप्पा. मी रेघेकडे बघत होते. आधी गॅसवरचं आधण एका कडेला सरकल्याचा आवाज आला. मग लक्षात आलं की पायाखालचा डेक तिरपा होतोय. वर बघितलं तर दोरी तारेसारखी ताणलेली आणि तिच्यातून पाण्याचे थेंब पिळून निघत होते. मी “झडपा!” म्हणून ओरडले, पण बाबा आधीच हँडल उलटा फिरवत होते. ते झडपेवर उभं राहून सारखे दोरीकडे बघत होते, हे मला नंतर कळलं.

अशा वेळी गाठ सोडायला जाऊ नका, ती सुटत नाही आणि बोटं जातात. आधी खालच्या झडपा पूर्ण बंद. मग वरची एक झडप अगदी थोडी उचलून हौदात पाणी घ्या. बोट वर उचलली जाते, दोरी सैल पडते, मग सोडा. उंबरठ्यावर अडकलात तरी हाच क्रम. चढताना नाळ दरवाज्याच्या आडव्या लाकडाखाली अडकली तर याच्या उलट: वरच्या झडपा बंद, खालची हळूच उघडून पातळी उतरवा. हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून सुकाणूजवळ चिकटवा. आम्ही ते त्या संध्याकाळी केलं.

खाणं, हात धुणं आणि बाकीचं

लॉकच्या दिवशी स्वयंपाक करायला जाऊ नका. आईने पहाटे उठून मेथीचे पराठे आणि शेंगदाण्याची चटणी करून ठेवली होती, ती चौथ्या आणि पाचव्या लॉकच्या मध्ये उभ्या उभ्या संपली. एका हाताने खाता येईल असंच काहीतरी ठेवा. चहाचं आधणसुद्धा लॉकमध्ये असताना नको, हे वर आलंच.

खाण्याआधी साबणाने हात धुवा, आणि हे नुसतं सांगायचं म्हणून सांगत नाही. कालव्याच्या पाण्यात उंदरांचं मूत्र असतं आणि मुंबईच्या पावसाळ्यात ज्याची भीती असते तोच लेप्टो इथे वील्स डिसीज नावाने माहीत आहे. ओल्या दोऱ्या दिवसभर हातात असतात. खरचटलं असेल तर पट्टी लावून वर हातमोजे घाला. पंधरवड्याच्या आसपास ताप आला तर डॉक्टरांना कालव्यावर गेलो होतो हे आवर्जून सांगा.

प्रोपेलरला गवत-प्लॅस्टिक गुंडाळलं की बोट जड चालते. मागच्या बाजूला एक झाकण असतं, त्यातून हात घालून ते काढता येतं, पण आधी इंजिन बंद करून किल्ली खिशात. रात्री झोपताना हवेच्या जाळ्या बुजवू नका, थंडी वाजली तरी. गॅस आणि स्टोव्ह असलेल्या बंद डब्यात आपण झोपतोय.

वर पोचल्यावर

सातव्या लॉकच्या वर गाव आहे, तिथे जागा मिळाली की बोट बांधून टाका. उन्हाळ्यातल्या शनिवारी दुपारी चारनंतर जागा मिळणं अवघड. काठावर बघ्यांची गर्दी असते आणि तुमची प्रत्येक चूक त्यांना दिसते. अशा बघ्यांना इथे गाँगूझलर असा झकास शब्द आहे.

जुन्या धान्याच्या गिरणीत १९६३ साली सुरू झालेलं कालव्याचं संग्रहालय तासाभरात बघून होतं. मालवाहू बोटींवर अख्खी कुटुंबं राहायची, त्या काळात याच गावात सिस्टर मेरी वॉर्ड नावाची परिचारिका त्यांच्यावर उपचार करायची. आई तिथे बराच वेळ थांबली. ज्या खोलीत आम्ही सहा जण तीन रात्रींच्या सुटीची मजा म्हणून दाटीने राहत होतो, त्याच्या पाव जागेत बाळंतपणं व्हायची.

गावापुढे लगेच ब्लिसवर्थचा बोगदा लागतो, २,८१३ मीटर लांब. कालव्याचं बाकीचं काम १८०० सालापर्यंत झालं होतं, पण बोगदा काही होईना, म्हणून १८०५ पर्यंत माल टेकडीवरून घोड्यांच्या ट्रामने न्यायचे. पुढे इंजिन येईपर्यंत माणसं बोटीवर आडवी पडून भिंतींवर पाय मारत बोट पुढे न्यायची. त्यात शिरणार असाल तर पुढचा दिवा, लाइफजॅकेट आणि रेनकोट, कारण हवेसाठी खणलेल्या विहिरींतून पाणी डोक्यावर पडतं. समोरून बोट येऊ शकते, दोघांना जायला जागा आहे, फक्त वेग कमी करा आणि समोरच्या दिव्याकडे टक लावून बघू नका, बोट तिकडेच वळते. आम्ही तो दुसऱ्या दिवशी सकाळी केला. लॉकच्या दिवशीच संध्याकाळी जायची टूम नवऱ्याने काढली होती, ती बाबांनी मोडून काढली.

बोट परत देताना विंडलस मोजून घेतात. आमचा एक कमी भरला, त्याचे पैसे अनामतीतून गेले. बाबांनी स्वतःच्या खिशातून देऊ केले, म्हणाले, “सरकारी हत्यार हरवलं की भरपाई द्यावीच लागते.”